शिक्क्यातली रिकामी जागा

मित्रांनो, माझ्यासमोर लावलेल्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका. तिच्यावर लिहिले आहे, 'चीज दाबण्याचे यंत्र, अंदाजे १९००'. हे छोटेसे संग्रहालय पूर्वी रेल्वेचे स्टेशन होते. मला येथे आणले तेव्हा एका बाईंनी मला उलटसुलट करून पाहिले, माझा दांडा दोनदा दाबला आणि तसे ठरवून टाकले. बिचारीला जेवायला जायचे होते. मी जन्मात कधी चीज दाबलेले नाही.

मी एक जुना शिक्का आहे. माझे अंग बिडाचे आहे आणि जबड्यात पितळेच्या दोन गोल चकत्या आहेत. एकीवर अक्षरे उठावाची आहेत, दुसरीवर तीच खोलगट. मध्ये कागद सरकवून दांडा दाबला की कागदावर अक्षरे उमटतात. मला शाई लागत नाही. कडेने गोलाकार लिहिले आहे, 'हेइदाल शेतकरी एलिव्हेटर कंपनी, १९१२'. मधोमध गव्हाची एक ओंबी आहे आणि ओंबीखाली बोटभर जागा रिकामी आहे. ती जागा लक्षात ठेवा.

माझा जन्म विनिपेग शहरातल्या एका ठसेवाल्याच्या दुकानात झाला. पण खरे सांगायचे तर मला जन्माला घातले एका कायद्याने. त्या काळी शेतकऱ्यांना धान्याची कोठी बांधायला एकत्र यायचे असले, तर प्रांताच्या विधिमंडळात अर्ज करून आपल्यापुरता एक कायदा मंजूर करून घ्यावा लागे. एलिव्हेटर म्हणजे रुळांच्या कडेला बांधलेली उंच लाकडी कोठी. खाली गाडी रिकामी करायची, पट्ट्यावरच्या डब्यांनी धान्य वर चढायचे आणि तिथून थेट आगगाडीच्या डब्यात उतरायचे. हेइदाल ही आइसलँडहून आलेल्या लोकांची वस्ती. तीन मैलांवर रेल्वेने रुळांचा एक फाटा टाकून दिला होता आणि सांगितले होते, तुम्ही कोठी बांधा, आम्ही गाडी थांबवू. त्यासाठी या लोकांनी दोन हिवाळे अर्ज लिहिण्यात घालवले होते.

कायदा मंजूर झाल्याचा कागद आला, तेव्हा केतिल ओर्मसनच्या स्वयंपाकघरात सगळी वस्ती जमली होती. केतिल हा कंपनीचा चिटणीस. पन्नाशीचा, उंच, पुस्तकवेडा माणूस. कुळव चालवतानाही खिशात पुस्तक असायचे. त्याने कायद्याचा पहिला परिच्छेद वाचून आपल्या भाषेत सांगितला. अमुक अमुक पाच इसम, आणि पुढे जे भागधारक होतील ते सगळे, मिळून कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्ती होतील. ती व्यक्ती अखंड अस्तित्वात राहील आणि तिचा एक सामाईक शिक्का असेल.

"पाच बाप्यांचा मिळून एक माणूस झाला म्हणायचा," केतिलची बायको स्टेइनुन ब्यार्नादोत्तिर कॉफी ओतता ओतता म्हणाली. "बाई एकही नाही, तरी जन्मला बरा!"

सगळे हसले. म्हातारा एविंदुर स्काफ्तासन हा कंपनीचा अध्यक्ष. त्याने दातांत साखरेचा खडा धरला होता, तो गालात सरकवून म्हणाला, "खायला मागत नाही आणि मरतही नाही! असा जावई मला का मिळाला नाही?"

हे सगळे मी स्वतः ऐकलेले नाही. माझा तेव्हा जन्म व्हायचा होता. पण ते इतक्या वेळा सांगितले गेले की मला पाठ झाले. कायद्याने घडवलेल्या त्या माणसाला सही करायला हात नव्हता म्हणून मला बनवले. केतिल विनिपेगला स्वतः आला आणि माझा कारागीर कोरत असताना शेजारी उभा राहिला. ओंबीखाली काय कोरायचे, असे कारागिराने विचारले. केतिलने थोडा विचार केला आणि म्हणाला, "राहू दे मोकळं. पुढंमागं काही घालावंसं वाटलं तर जागा असावी."

मित्रांनो, पहिले वर्ष माझे फार सुखाचे गेले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत असायचो. केतिल मला दर रविवारी बदकाच्या चरबीने पुसायचा. कोणी कंपनीचा भाग विकत घ्यायला आले की स्टेइनुन टेबलावरचे पीठ झटकायची, केतिल कागद पुढे ओढायचा आणि माझा दांडा खाली यायचा. नवीन भागधारक उठावाच्या अक्षरांवरून बोट फिरवायचे. एका म्हातारीने तर मला हातात घेऊन माझा मुका घेतला होता. तेवढे प्रेम मला पुन्हा मिळाले नाही.

पण ही मंडळी एवढी खूश का होती, ते सांगायला हवे. कोठी नव्हती तोवर हेइदालचे धान्य बावीस मैलांवरच्या क्रॉसफर्ड गावी बर्फावरच्या घसरगाडीतून न्यावे लागे, तेही भर हिवाळ्यात. दोन घोडे, मागे उघड्या पेटीत साठ बुशेल, म्हणजे सोळाएक क्विंटल गहू, वर बसायला जागा नाही. माणूस थंडीने आखडू नये म्हणून घोड्यांच्या बाजूने चालायचा. क्रॉसफर्डच्या कोठीवर पर्विस नावाचा माणूस बसायचा. तो मूठभर गहू घेऊन फुंकायचा आणि न पाहताच म्हणायचा, "नंबर तीन. दव लागलंय." म्हणजे हलकी प्रत, कमी भाव. पटत नसेल तर बावीस मैल परत. केतिलच्या डाव्या पायाची दोन बोटे अशाच एका फेरीत गेली होती आणि त्याच्या छातीत तेव्हापासून घरघर होती. डॉक्टरने स्टेइनुनला बाजूला घेऊन सांगितले होते की या माणसाचे हिवाळे आता मोजके आहेत.

म्हणून कंपनीसाठी खरी धावपळ केली ती स्टेइनुनने. कायद्यात तिचे नाव नव्हते, पण भाग जमवायला ती घोडी जोडून घरोघरी गेली. बायकांनीही स्वतःच्या नावाने भाग घ्यावेत, असा तिचाच आग्रह. या लोकांत मुलगी लग्न करून नवऱ्याच्या घरी जाते, पण बापाचे नाव सोडत नाही. नवरा ओर्मसन, बायको ब्यार्नादोत्तिर. एकाच उशीवर डोकी आणि नावे दोन. त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. सहा बायकांनी भाग घेतले.

कायद्यात एक अट होती. मंजुरीपासून एक वर्षाच्या आत भागधारकांची मिळून दोन हजार एकर पेरणी आहे, असे शिक्कामोर्तब केलेले निवेदन राजधानीत द्यायचे. नाहीतर कायदा रद्द. कोठी बांधून ती रिकामी राहू नये, एवढाच तिचा हेतू होता आणि हेतू शहाणा होता.

पहिल्या शरद ऋतूत एका दुपारी ओनुफ्री आला. ओढ्याच्या पलीकडे युक्रेनकडून आलेल्या लोकांची अकरा घरे होती, त्यांतला हा. मेंढीच्या कातड्याचा कोट, मोठ्या मिशा, चालत आलेला. केतिलने त्याला कॉफी दिली, आलुबुखाराच्या सात थरांचा केक दिला. या लोकांत पाहुण्याला तोंडावर नाही म्हणायच्या आधी जसे भरपूर खायला घालतात, तसेच ते होते.

"शेजारी," ओनुफ्री म्हणाला, "आम्हांला पण भाग द्या. अकरा घरं. चारशे एकर पेरतो आम्ही."

एविंदुर खिडकीशी बसला होता. तो म्हणाला, "कायदा हेइदालसाठी झालाय."

"आणि आम्ही कुठं राहतो? चंद्रावर?"

"ओढ्यापलीकडे," एविंदुर म्हणाला.

ओनुफ्रीने कपाकडे पाहिले. "रस्ता तोच आहे की. मीही बावीस मैलच चालतो. पर्विस माझाही गहू फुंकतो."

केतिल अवघडला. तो वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. हेच तर सांगताना मला जड जाते. तो म्हणाला, "बघू. पुढच्या वर्षी बघू." ओनुफ्रीने टोपी घातली, कॉफीबद्दल आभार मानले आणि आला तसा चालत गेला. तो दिसेनासा होईपर्यंत स्टेइनुन दारात उभी होती. आत येऊन तिने भांडी जोरात आपटली.

मार्च आला. मुदत संपायला पाच दिवस राहिले. केतिलने प्रत्येक भागधारकाच्या नावापुढे त्याची पेरणी मांडली आणि बेरीज केली. दोन हजार एकशे चाळीस. एविंदुरने टेबलावर थाप मारली. स्टेइनुन मोजा विणत होती. ती सुया हातात घेऊनच कागदावर वाकली.

"केतिल, हे काय? तुझ्या नावापुढं ऐंशी, माझ्या नावापुढं ऐंशी. शेत एकच आहे ना रे?"

केतिल म्हणाला, "तू भागधारक आहेस. मीही आहे. प्रत्येकानं आपलं शेत सांगायचं. तू तुझं सांगितलंस, मी माझं."

"गहू दोनदा उगवणार आहे का?"

कोणी हसले नाही. तिने पेन्सिल घेतली आणि सहाही जोडप्यांची शेते एकेकदाच धरली. चारशे साठ एकर गळाले. राहिले सोळाशे ऐंशी. दोन हजाराला तीनशे वीस कमी.

"अजून पाच दिवस आहेत," ती म्हणाली. "आत्ता घोडे जोड आणि ओढ्यापलीकडं जा. त्यांचे चारशे आहेत."

"परत पाठवलाय त्याला," एविंदुर गुरकावला. "आता त्याच्या दारात मी टोपी काढून उभा राहू? या वयात?"

"टोपी नका काढू, थंडी आहे. नुसते जा."

"बाई," एविंदुर म्हणाला, "खोटं कुठं आहे यात? नावं वाचून बघ. ओर्मसन एक, ब्यार्नादोत्तिर दुसरी. आपल्यात माणसं अशीच मोजतात."

मला वाटले, केतिल उठेल. तो खरेच अर्धवट उठला. त्याने कोटाकडे पाहिले, एविंदुरकडे पाहिले, बायकोकडे पाहिले नाही. मग खाली बसला आणि म्हणाला, "लिहिलेलं सगळं खरं आहे, स्टेइनुन. प्रत्येक ओळ खरी आहे."

"ओळी खऱ्या आहेत. बेरीज खोटी आहे," ती म्हणाली.

त्याने कागद माझ्या जबड्यात सरकवला. मित्रांनो, वस्तूंना पाय नसतात याचे मला कधी दुःख झाले नव्हते. त्या दिवशी झाले. दांडा खाली आला आणि मी चावलो. ठसा इतका सुंदर उठला की एविंदुरने तो खिडकीकडे धरून पाहिला.

उन्हाळ्यात फाट्याजवळ दगडांचा पाया घातला गेला. लाकूड आले. पण कंपनी उभी राहिली की क्रॉसफर्डच्या कोठ्यांकडे जाणारा गहू थांबणार होता, तेव्हा त्या कोठ्यांच्या मालकांनी वकील लावला. भाग घेतानाच्या अर्जावर प्रत्येकाने आपल्या जमिनीचा क्रमांक लिहिला होता. वकिलाने ते अर्ज आणि निवेदन शेजारी शेजारी ठेवले. बस, एका दुपारचे काम.

केतिलला राजधानीत बोलावले. मला पिशवीत घालून तो घेऊन गेला. तिथला कारकून तरुण होता, केस चोपडून बसवलेले.

"ही ब्यार्नादोत्तिर कोण?"

"माझी बायको."

"म्हणजे तुमचं रीतसर लग्न झालेलं नाही?"

"अठ्ठावीस वर्षं झाली."

"मग तिचं नाव वेगळं का?"

"कारण तिचा बाप वेगळा," केतिल म्हणाला.

खोलीतले लोक हसले. केतिल नाही हसला. त्याने सगळे समजावून सांगितले, आणि कारकुनाला ते समजलेही. पण समजल्यावर त्याने इतकेच विचारले, "म्हणजे एकूण शेत सोळाशे ऐंशी एकर?" केतिल हो म्हणाला. तो खोटे बोलू शकला असता, पण त्याच्याने होईना. पाच दिवस मुदत उरली असताना जे कबूल केले असते तर सगळे वाचले असते, ते त्याने सात महिने उशिरा कबूल केले.

डिसेंबरात पत्र आले. अट पुरी न झाल्यामुळे कायदा रद्द. कंपनीचे अस्तित्व संपले. शिक्का टपालाने परत पाठवावा. अखंड राहणारा तो माणूस दोन वर्षांचाही झाला नाही. रेल्वेने फाटा उखडून नेला. पायाचे दगड बर्फाखाली गेले. एविंदुरने लोकांत जाणे सोडले आणि वसंत येण्याआधीच अंथरूण धरले. आणि गहू? गहू तर होताच. तो क्रॉसफर्डलाच न्यायचा होता.

जानेवारीत केतिलने घसरगाडी भरली. टपालात टाकायला म्हणून मला कापडात गुंडाळून त्याने कोटाच्या आत ठेवले. स्टेइनुन म्हणाली, "थांब रे अजून दोन दिवस. आभाळ बरं नाही." तो म्हणाला, "पर्विस काही माझ्यासाठी आभाळ साफ करून ठेवणार नाही." हे त्यांचे शेवटचे बोलणे. गोड काही नव्हते त्यात, कारण मार्चपासून त्या घरात गोड बोलणे कमीच झाले होते.

चौदाव्या मैलावर, दुपारी दोनच्या सुमारास वारा सुटला. घोड्यांच्या शेपट्याही दिसेनात. केतिल चालत राहिला, मग गाडी धरून चालू लागला, मग थांबला. त्याची घरघर मला बिडातून ऐकू येत होती. त्याने घोडे सोडून दिले, ते तरी घरी पोचतील म्हणून. स्वतः गाडीच्या आडोशाला बसला. मला त्याच्या छातीची ऊब होती. मग ती कमी होऊ लागली. बऱ्याच वेळाने त्याने कोटावरून मला चाचपले आणि म्हणाला, "तिनं बरोबर मोजलं होतं." तो माझ्याशी बोलत होता की नाही, कोणास ठाऊक. त्यानंतर तो काही बोलला नाही. मी त्याला काहीच देऊ शकलो नाही. गार लोखंडाने कोणाला काय द्यावे?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सापडला ओनुफ्रीला. तोही त्याच रस्त्याने गहू घेऊन निघाला होता. त्याने आपला गहू तिथेच बर्फात ओतून दिला, केतिलला आपल्या पेटीत निजवले, आपला कोट त्याच्यावर घातला आणि चौदा मैल मागे फिरला.

स्टेइनुन दारात आली. "शेजारीणबाई," ओनुफ्री म्हणाला, "मी त्याला झाकून आणलंय."

तिने मला टपालात टाकले नाही. सरकारनेही पुन्हा मागितले नाही. पुढची तीस वर्षे मी त्या घरात दाराला टेकण म्हणून पडून होतो. मला कोणी चरबी लावली नाही. माझा दांडा गंजून घट्ट झाला, येणारे-जाणारे मला पायाने सरकवत. त्याचे मला दुःख नाही. माझी लायकी तेवढीच उरली होती.

एकदाच तिने मला पुन्हा हातात घेतले. केतिल गेल्याच्या पुढच्या वर्षी ओनुफ्री तिचे गवत कापून द्यायला आला होता. ओढ्यापलीकडची अकरा घरे आणि हेइदाल यांनी आता हिवाळ्यात एकत्र निघायचे ठरवले होते. रस्ता मात्र तेवढाच होता, बावीस मैल. कॉफी पिताना त्याने मला पाहिले आणि हे काय आहे म्हणून विचारले. स्टेइनुनने मला उचलून टेबलावर ठेवले, एक कोरा कागद घातला आणि दोन्ही हातांनी दांडा दाबला. मी कसाबसा चावलो. तिने कागद त्याच्यापुढे सरकवला.

ओनुफ्रीला वाचता येत नव्हते. त्याने जाड बोट अक्षरांवरून फिरवले, सगळी गोल फेरी मारली, मग ओंबीवर आणले आणि ओंबीखाली थांबवले.

"इथं काही नाही," तो म्हणाला.

"नाही," स्टेइनुन म्हणाली. "इथं जागा होती." आणि मग ती रडली. केतिलला आणले त्या दिवशीही ती रडली नव्हती.

मित्रांनो, तुम्ही इथे सहलीला येता, माझ्या जबड्यात वहीचे पान घालता, दांडा दाबता, हसता आणि ते पान पायऱ्यांवरच टाकून जाता. दाबा, मला त्याचे काही नाही. मला चरबी लावा, चिठ्ठी बदला, असेही मी म्हणत नाही. तुमच्या हातात कधी खरा शिक्का आला, आणि सुया हातात घेऊन कोणी म्हणाले की बेरीज चुकली आहे, तर दांडा दाबण्याआधी उठा आणि ओढा ओलांडून जा, एवढीच विनवणी आहे. पण मला फारशी आशा नाही. केतिलसारखा भला माणूस अर्धा उठून खाली बसला, हे मी पाहिले आहे.

ते पान टाकण्याआधी एकदा ओंबीखाली बोट ठेवून पाहा. तिथे कागद अजून सपाट लागतो.